रॅमची अंडी पांढरी का पडतात?

प्रश्न : गप्पी, टेट्रांसोबत रॅम सिक्लिडची जोडी आहे. दगडावरची अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. काय करावे?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : आधी पाणी बघा. रॅम मूळचा ओरिनोको खोऱ्यातला. तिथले पाणी मऊ, आम्लधर्मी, कोमट. आपल्या बेसाल्टातल्या बोअरचे पाणी जड. गप्पी त्यात मजेत वाढतात, रॅमची अंडी सहसा फळत नाहीत. गच्चीवरचे पावसाचे पाणी (पहिल्या सरी सोडून) साठवा किंवा आरओचे मिसळा, पण हळूहळू. तापमान २८ अंश ठेवा. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतील. टेट्रा पिल्ले टिपणारच, तेव्हा जोडीला वेगळी टाकी द्या. नवखे आईबाप स्वतःच अंडी खातात. घाबरू नका, पुन्हा घालतील. पोहू लागलेल्या पिल्लांना आधी इन्फ्युसोरिया, मग ताजा फुटलेला आर्टेमिया द्या.