कायद्याची ओळख : बहिणीचे नाव आणि सातबारा



पवनाकाठची काळेवाडी एके काळी शेतीची. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, कामगारांना खोल्या लागल्या आणि वावराचे गुंठे झाले. जमिनीला भाव आला तसे भावंडांत कज्जेही आले. आमच्याकडे सारखी विचारणा होते ती अशी : वडील वारले, भावांनी वारसनोंद करून घेतली, बहिणींची नावे घातलीच नाहीत. हे चालते काय?

चालत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल व मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना सारखा हिस्सा आहे. वडिलार्जित मिळकतीत महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी लग्न न झालेल्या मुलींना हक्क दिला. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप वा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. “आमचे तोंडी वाटप झाले होते” एवढ्यावर मात्र कोर्ट सहसा विश्वास ठेवीत नाही.

लग्नात खर्च केला, दरसाल साडीचोळी करतो, म्हणून हक्क संपत नाही. हक्कसोडपत्र लेखी व नोंदणीकृतच लागते. “नोंदीपुरती सही कर, ताई” असे कोणी म्हटले तर कागद आधी वाचून घ्यावा, नाहीतर वकिलाला दाखवावा. सही झाल्यावर फसवणूक शाबीत करणे फार जड जाते.

फेरफाराची नोटीस निघाली की १५ दिवसांत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. नोंद मंजूर झाली असेल तर ६० दिवसांत प्रांतांकडे अपील आहे. पण फेरफार म्हणजे मालकी नव्हे. तिचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो. भावाच्या नावे नोंद झाली म्हणून बहिणीने हाय खाऊ नये.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी करार लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरतात.

कारखान्याच्या शेअरलाही वारस नेमून ठेवावा. नेमलेल्याचे नाव दप्तरी लागते, पण इतर वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही.