अस्थिमज्जा : शरीरातील रक्ताची टाकसाळ



अहवालातील जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या आरोग्यविषयाची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूने यंदा आम्ही ‘अस्थिमज्जा’ हा विषय घेतला आहे. त्यास कारणही तसेच आहे. अस्थिमज्जेची तपासणी करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगताच नातेवाइकांचे चेहरे उतरतात. “पाठीच्या कण्यात सुई घालणार, मग पाय अधू तर होणार नाहीत ना?” असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. या धास्तीने काही कुटुंबे तपासणी लांबणीवर टाकतात आणि निदानास विलंब होतो.

भीतीचे मूळ

ही भीती बऱ्याच अंशी शब्दसाम्यातून आली आहे. मराठीत मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था हे शब्द मेंदू व त्याच्या संदेशवाहक यंत्रणेसाठी रूढ आहेत. अस्थिमज्जा ही त्याहून अगदी निराळी. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत अस्थीनंतर सहावा धातू म्हणून जिचा उल्लेख येतो, ती मज्जा हाडांच्या पोकळीतील होय. मज्जारज्जूचा ती भाग नव्हे. तपासणीसाठी नमुना बहुधा कमरेखाली, ओटीपोटाच्या हाडाच्या मागील कडेतून घेतात. तेथे मज्जारज्जू नसतो. जागा बधिर करून सुई घालतात; द्रव ओढताना क्षणभर कळ येते व पुढे काही दिवस ती जागा दुखते.

मज्जेचे कार्य

रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ मध्ये दाखवून दिले. नवजात बालकाच्या जवळजवळ सर्वच हाडांत रक्त निर्माण करणारी लाल मज्जा असते. वयाबरोबर तिची जागा हळूहळू चरबीयुक्त पिवळी मज्जा घेते. प्रौढपणी लाल मज्जा मुख्यत्वे ओटीपोटाचे हाड, छातीचे हाड, बरगड्या, मणके व कवटी यांत उरते.

या टाकसाळीचे काम अहोरात्र चालते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात, कारण जवळजवळ तितक्याच पेशी रोज खर्ची पडतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ८ ते १० दिवस. संसर्गाशी झुंजणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. म्हणजेच जमा रोजची, खर्चही रोजचा आणि शिल्लक अत्यल्प. निर्मिती एकाएकी थांबली, तर अल्पायुषी पेशी आधी संपतात. त्यामुळे फिकटपणा जाणवण्यापूर्वीच वारंवार ताप येणे, हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर लालसर ठिपके उठणे ही लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी नुसती टॉनिके घेत राहू नये. डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी.

मज्जेचे रोपण

रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया अशा काही व्याधींत दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी रुग्णास देता येतात. या उपचाराचे प्रवर्तक अमेरिकेचे डॉ. ई. डोनॉल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९८३ मध्ये हा मार्ग खुला केला. यासाठी दाता व रुग्ण यांचे ऊतीगट जुळावे लागतात. रक्तगट एकच असून भागत नाही. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक. चार भावंडे असली म्हणून एक जुळेलच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येकाच्या बाबतीत हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दात्याचे कोणतेही हाड काढले जात नाही. हल्ली बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राद्वारे वेगळ्या करतात. काही वेळा भूल देऊन ओटीपोटाच्या हाडातून मज्जा घेतात. ती काही आठवड्यांत पूर्ववत भरून येते.

आपला वाटा

रोपणानंतर नवी मज्जा रुजून काम करू लागेपर्यंत दोन-चार आठवडे जातात. या काळात रुग्णाची स्वतःची टाकसाळ बंद असते आणि तो इतरांच्या रक्तावर तगतो. तांबड्या पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे ठेवता येतात, परंतु प्लेटलेट्स साधारणतः पाचच दिवस टिकतात. त्यामुळे वर्षातून एकदा भरणाऱ्या मोठ्या शिबिराने ही गरज भागत नाही. १८ ते ६५ वयोगटातील, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी व्यक्तीस रक्तदान करता येते. पुरुषांनी तीन, तर स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे.

आपण दिलेल्या देणग्यांतून यंत्रे येतात, खाटा वाढतात. रक्त मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. म्हणून आमची नम्र विनंती आहे की, वाढदिवस वा पुण्यतिथी अशा निमित्ताने आपल्या कुटुंबाने रक्तदानाचे दिवस वर्षभरात वाटून घ्यावेत. आणि आपल्या परिचयातील कोणास मज्जेची तपासणी सांगितली असल्यास वरील माहिती त्यांस अवश्य सांगावी.

आपले नम्र,
रुग्णालय व्यवस्थापन