सोंगट्यांचा शब्दखेळ : अक्षर, वर्ण आणि शब्दाची मान्यता

स्क्रॅबल हा शब्दखेळ आपण पाहिला असेल. अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातील अक्षरे मोजून सोंगट्यांची वाटणी ठरवली. इंग्रजी खेळातील १०० सोंगट्यांपैकी 'ई'च्या १२, गुण प्रत्येकी १. 'क्यू'ची एकच, गुण १०. दुर्मीळ अक्षराचे मोल अधिक.

मराठीत हा खेळ मांडताना प्रथम प्रश्न पडतो : सोंगटीवर काय लिहावे? 'स्त्री' या शब्दात अक्षर एक, वर्ण चार : स्, त्, र्, ई. अक्षरे लिहिल्यास ३४ व्यंजनांच्या बाराखडीच्याच ४०८ सोंगट्या होतात, जोडाक्षरे वेगळीच. वाट भेंड्यांत सापडते. तेथे 'रे'वर थांबलेले गाणे 'रा'ने पुढे नेता येते. व्यंजन धरतात, मात्रा सोडतात. तसेच येथे केल्यास क-म-ल या तीन सोंगट्यांतून कमल, कमाल, कोमल असे शब्द हाती येतात. खेळाची खरी गोडी या शोधात आहे.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. वाशीम जिल्ह्यातील मालेगावात घरी खेळताना कोणी 'पोट्टं' हा वऱ्हाडी शब्द मांडला, तर सारे हसून गुण देतील. स्पर्धेत मात्र वाद टाळण्यासाठी नेमलेली शब्दसूचीच प्रमाण मानावी लागते. सूचीत नसलेल्या शब्दाला गुण मिळत नाहीत. म्हणून तो अशुद्ध ठरत नाही. सूची हा खेळाचा नियम आहे, भाषेचा नव्हे.

कृती : आपल्या बोलीतील पाच शब्द लिहा. प्रत्येकातील अक्षरे व वर्ण मोजा आणि ते शब्द प्रमाण मराठीच्या कोशात आहेत का, ते पाहा.