‘वत्सल’ शब्दाचा विचार : सिंधुताई माईंच्या स्मरणार्थ

‘वत्सल’ हा शब्द आपल्या तोंडी नित्याचा. देव भक्तवत्सल, संत दीनवत्सल. पण शब्दाच्या पोटात काय आहे ते पाहू. वत्स म्हणजे वासरू. त्याला ‘लच्’ प्रत्यय लागून वत्सल होते आणि त्याचा भाव ते वात्सल्य. पाठशाळेत गुरुजींनी हे सांगितले तेव्हा आम्हाला शंका आली. आम्ही गोठ्यात वाढलेले पोर. गाय आपल्या वासराला चाटते खरी, पण दुसरीचे वासरू कासेला लागले की लाथ झाडते. वात्सल्य जर असे आपल्यापुरतेच, तर ज्ञानोबारायांना अवघे जग माउली म्हणते ते कसे? गुरुजी हसून म्हणाले, ‘पुढे कळेल.’

पुष्कळ वर्षांनी कळले, ते सिंधुताई सपकाळ यांच्या चरित्रावरून.

माई वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघेच्या. मुलगी नको होती, म्हणून घरात नाव पडले चिंधी. शाळा चौथीपर्यंत, लग्न पोरवयात. विशीत, दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढले आणि गोठ्यात त्या बाळंत झाल्या. माई सांगत, की एक गाय आपल्यावर पाखर घालून उभी राहिली, कोणाला जवळ येऊ देईना. आणि नाळ आपणच दगडाने ठेचून तोडली. पुढे रेल्वेच्या फलाटावर गाणी म्हणून भीक मागितली. रात्री स्मशानात निजल्या. चितेच्या निखाऱ्यावर भाकरी भाजून खाल्ल्याचे त्या भर सभेत सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याच्या घशात घास अडकावा!

त्या फलाटावर आणखीही पोरे होती, कोणाचीच नसलेली. मिळालेल्या भिकेत माईंनी त्यांचा वाटा धरला. इथपर्यंत दया म्हणू. पुढचे पाऊल अवघड. पोटची लेक जवळ असेल तर घास आधी तिच्याकडे वळेल, हे माईंनी ओळखले. म्हणून ती लेक त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या ट्रस्टकडे सांभाळायला दिली आणि मग परक्यांच्या लेकरांची आई झाल्या. अशी हजाराहून अधिक लेकरे त्यांनी वाढवली. ज्याने घराबाहेर काढले तो नवरा म्हातारपणी आश्रयाला आला, तेव्हा त्यालाही लेकरू म्हणूनच ठेवून घेतले.

माई महानुभाव पंथाच्या. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात देह ठेवला, तेव्हा अंत्यविधीही त्याच पंथाच्या रीतीने झाला. एक टाळकरी आम्हाला म्हणाला, ‘महाराज, मग आपल्या मासिकात त्यांच्यावर कशाला?’ अरे बाबा, भुकेल्या पोराने वाढणारीचा पंथ कधी विचारला आहे काय?

असो. आता आमची एक चूक सांगतो. लेक देण्याचा हा प्रसंग आम्ही कीर्तनात त्यागाचा दृष्टान्त म्हणून वर्षानुवर्षे सांगत आलो. मंडळी डोळे पुसत, आम्हालाही बरे वाटे. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. म्हणाली, ‘महाराज, आईचं सांगितलंत. त्या लेकीला काय वाटलं असेल, ते नाही सांगितलंत.’ आम्ही गप्प. व्याकरण कामी येईना. तिला लहानपणी परक्या घरी ठेवले होते, हे तिने मागाहून सांगितले.

माईंची लेक शिकली, मोठी झाली आणि आईच्याच कामात उभी राहिली, हे खरे. पण म्हणून म्हातारीचा प्रश्न मिटला असे आम्हाला वाटत नाही. ‘माझे’ तोडताना त्याचा दुसरा तुकडाही दुखतो, आणि तो लहान असतो. माईंनाही हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? आता प्रसंग सांगताना आम्ही लेकीपाशी थांबतो. टाळ्या पडत नाहीत, टाळकरी घटकाभर टाळ खाली ठेवून बसतात.

सासवडला माउलींची पालखी मुक्कामाला असते. तेथून जवळच कुंभारवळणला माईंचे ममता बाल सदन आहे. ज्यांचे पाय चालत असतील त्यांनी वाट विचारून जावे. जाताना ज्वारी, डाळ, गूळ, जमेल ते बरोबर न्यावे.