जुन्या क्रूझर सायकलीची जुळणी

अंकगणिताच्या तासाला १ ३/४ आणि १.७५ या एकाच संख्येच्या दोन लेखनपद्धती होत. सायकलीच्या टायरवर मात्र त्या दोन निरनिराळ्या वस्तू दर्शवितात. २६ × १.७५ असे छापलेला टायर ज्या रिमवर बसतो, त्या रिमवर श्विन कंपनीचा २६ × १ ३/४ हा टायर बसत नाही. पहिल्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ५५९ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ५७१. अमेरिकेतील जुनी क्रूझर सायकल सुटे भाग जमवून उभी करू पाहणाऱ्याचे पहिले पैसे वाया जातात ते बहुधा अशाच ठिकाणी. म्हणून रंग आणि चकाकी यांच्याआधी मापांचाच विचार करू.

क्रूझर ही मूळची शिकागो शहराकडची. त्या काळी अमेरिकन सायकलींना रिमवर चिकटविलेले, टायर व ट्यूब एकजीव असलेले बारीक टायर असत. ते पंक्चर झाले म्हणजे दुरुस्ती कटकटीची होई. १९३३ साली, मंदीच्या ऐन भरात, शिकागोच्या श्विन कंपनीने २ १/८ इंच रुंदीचा, आत वेगळी ट्यूब असलेला फुगीर टायर आणला. त्याच्या जोडीला वळणदार नळ्या, रुंद हँडल आणि मोटारसायकलीच्या टाकीची नक्कल करणारी पोकळ टाकी आली. त्या टाकीत पेट्रोल नव्हते, हे सांगावयास नकोच. पण मुलांना तिची भूल पडली. पुढे १९५० नंतरच्या दशकात किंचित सडपातळ चाके निघाली, आणि ५७१ चा घोटाळा त्यांच्याबरोबर आला. टायरच्या कडेवर हल्ली ५७-५५९ किंवा ४७-५७१ असे जोडअंक असतात. त्यांतील दुसरा अंक वाचावा. इंचांवर विसंबू नये.

आपल्याकडच्या परिचित काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ टायर ६३५ मिलिमीटरचा. त्याचा येथे उपयोग नाही. मात्र जाड टायरांच्या माउंटन सायकली आपल्या गावोगावी आल्या आहेत, त्यांपैकी २६ इंची सायकलींचे टायर ५५९ मापाचेच असतात. सांगाडा जुन्या फुगीर टायरांचा असेल, तर टायर जवळच्या दुकानातही मिळू शकतो. हा योगायोग नव्हे. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आदी तरुण श्विनचे जुने सांगाडे घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावीत. त्यांच्या त्या चाकांचेच माप माउंटन सायकलीने उचलले.

त्या शर्यतीच्या रस्त्याला ‘रीपॅक’ म्हणत. सुमारे दोन मैलांत तो सुमारे १,३०० फूट उतरे. मागच्या हबमधील ब्रेक, म्हणजे पायडल उलटे दाबले की लागणारा कोस्टर ब्रेक, इतका तापे की आतील ग्रीस धूर होऊन जाई आणि तळाशी पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. कोस्टर ब्रेक सपाट रस्त्यावर उत्तम आहे: पावसाने भिजत नाही, दोऱ्या नाहीत, देखभाल थोडी. पण त्याचे सारे बळ चेनवर अवलंबून असते. चेन तुटली अथवा निसटली, तर ब्रेक उरतच नाही. तेव्हा जुन्या चित्रात नसला तरी पुढे दुसरा ब्रेक घ्यावाच. मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर ओल्या दिवसांत रबरी गुटके घसरतात. म्हणून पुढच्या हबमध्येच असलेला ड्रम ब्रेक अधिक बरा. कोस्टर हबचा लोखंडी हात सांगाड्याच्या नळीला पट्टीने घट्ट बांधलेला आहे ना, हेही पाहावे. तो सुटा राहिला तर ब्रेक दाबताच गरगर फिरेल.

क्रँकचा भाग सोपा आहे. जुन्या अमेरिकन सायकलीत दोन्ही क्रँक आणि मधला आस मिळून एकच वाकविलेला दांडा असतो, आणि तो सांगाड्याच्या सुमारे ५१ मिलिमीटर व्यासाच्या, आटे नसलेल्या भोकातून आत घालतात. डाव्या बाजूचा कोन व नट उलट्या आट्यांचे असतात; नेहमीच्या दिशेने जोर लावून ते सुटत नाहीत, बिघडतात मात्र. या दांड्याला १/२ इंची पायडल लागतात, ९/१६ इंची नव्हेत. हँडलच्या दांड्यातही असाच सापळा आहे: कित्येक जुन्या अमेरिकन चिमट्यांना २१.१ मिलिमीटरचा दांडा लागतो, दुकानात सर्रास मिळतो तो २२.२ चा. ठोकून बसविण्याचा मोह टाळावा, कारण चिमट्याची नळी फाटेल.

आता थोडे गणित. पुढच्या चक्राला ४६ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.५६ फेरे घेते व सायकल सुमारे ५.३ मीटर पुढे जाते. मागे २२ दाते घातले की तेच अंतर सुमारे ४.३ मीटर होते. टाकी, दिवा, मडगार्डे धरून ही सायकल वीस किलोच्या आसपास, कधी त्याहून जड भरते; चढाच्या गावी २२ दातेच घ्यावेत. १९५० पूर्वीच्या पुष्कळ क्रूझरांची चेन एक इंची टप्प्याची असे, आताची अर्ध्या इंचाची असते. तेव्हा चेन आणि दोन्ही चक्रे एकाच टप्प्याची घ्यावीत.

हे सारे विकत घेण्यापूर्वी सांगाडा उजेडात धरावा. समोरून धडक बसलेल्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाशी, चिमट्याच्या नळीमागे, खालच्या अंगाला रंगात सुरकुत्या किंवा बारीक भेगा दिसतात. असा सांगाडा कितीही स्वस्त असला तरी परत करावा. फिक्कट झालेला मूळ रंग मात्र खरवडू नये. तो एकदा गेला की नव्याने देता येत नाही, आणि टाकीवरची जुनी रेघ हाताने ओढणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत.