खेळ आधी वहीत

गल्लीत क्रिकेट खेळताना होणारी भांडणे आपल्याला आठवत असतील. भिंतीला लागून परत आलेला चेंडू झेलला, तर फलंदाज बाद की नाही? झेलणारे ‘बाद’ म्हणतात, फलंदाज बॅट सोडत नाही. नियम आधी ठरलेला नसतो, म्हणून वाद होतो. संगणकावर खेळ तयार करतानाही हीच अडचण येते. मात्र संगणक वाद घालत नाही. आपण जे लिहून दिले, तेच तो मुकाट्याने करतो.

प्रस्तुत पाठात आपण एका साध्या व्हिडिओ गेमचा प्रकल्प आखणार आहोत. एक चेंडू, एक फळी आणि गुण, एवढेच त्याचे साहित्य. हे फार थोडे आहे असे वाटेल. पण १९७२ साली अमेरिकेतील अटारी या नव्या कंपनीत नोलन बुशनेल यांनी ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याला हात बसावा म्हणून जे सरावाचे काम दिले, तेही जवळजवळ इतकेच होते: एक चेंडू, दोन फळ्या आणि गुण. त्या सरावातूनच ‘पाँग’ हा जगप्रसिद्ध खेळ निर्माण झाला. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग कल्पिले. मधल्या भागावर आलेला चेंडू सरळ परते, टोकाकडचा तिरपा जाई. या एका नियमामुळे खेळात कौशल्याला वाव मिळाला. त्यांच्या रचनेत एक दोषही होता. फळी पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. तो त्यांनी तसाच राहू दिला, कारण त्यामुळे दोन निष्णात खेळाडूंचा डावही केव्हातरी संपू शकत असे.

आपल्या प्रकल्पासाठी ‘स्क्रॅच’ ही मोफत प्रणाली सोयीची आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबने ती २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तीत आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. खेळाचा मंच ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असतो. तेवढाच आयत वहीत प्रमाणात काढून त्यावर फळी आणि चेंडू यांच्या जागा दाखवाव्यात.

वहीचा आग्रह धरण्याचे कारण व्यावहारिक आहे. आपल्यापैकी अनेकांना संगणक अभ्यासकेंद्रावर किंवा ओळखीच्या घरी, तोही कामावरून परतल्यावर तासभरच मिळतो. तो तास विचार करण्यात घालवणे परवडणारे नाही. विचार घरी, वहीत व्हावा.

आता नियम लिहू या. व्याकरणात आपण ‘जर–तर’ची संकेतार्थी वाक्ये शिकतो आणि त्यांचा उपयोग काय, असे मनात म्हणतो. येथे त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. समजा, आपण लिहिले: ‘जर चेंडू कडेला लागला, तर तो उलट फिरेल. जर चेंडू खाली पडला, तर खेळ संपेल.’ वाचताना वाक्ये निर्दोष वाटतात. परंतु या नियमांप्रमाणे ठोकळे जोडले, तर खेळ कधी संपतच नाही! मंचाची खालची बाजू हीसुद्धा कडच आहे. चेंडू तेथे लागतो, पहिल्या नियमाप्रमाणे उलट फिरतो आणि दुसऱ्या नियमाची पाळीच येत नाही. शिवाय ‘खाली’ म्हणजे नेमके कोठे, हे आपण सांगितलेच नव्हते. मनुष्य ते समजून घेतो, यंत्र घेत नाही. म्हणून फळीच्या खाली, मंचाच्या तळाशी एक रुंद लाल पट्टी काढावी आणि लिहावे: ‘जर चेंडू लाल पट्टीला लागला, तर खेळ संपेल.’ ही तपासणी कडेच्या तपासणीआधी करावी.

दुसरी अडचण प्रत्यक्ष खेळतानाच दिसते. चेंडू फळीला लागून वर वळतो. पण पुढच्या तपासणीच्या क्षणीही तो फळीला टेकलेलाच असेल, तर पुन्हा खाली वळतो आणि फळीवरच थरथरत राहतो. चेंडू वळताच त्याला फळीपासून थोडा दूर नेणारी आज्ञा जोडली, की हा दोष जातो.

एवढे चालू झाले, की मगच गुण मोजावेत, आवाज जोडावा. आरंभीच चार पातळ्या आणि दहा शत्रू योजणाऱ्यांचे प्रकल्प बहुधा वहीतच राहतात. चालू झालेला खेळ घरातल्या कोणाच्या तरी हाती द्यावा आणि आपण गप्प बसावे. ‘हे कशाने हलते?’ असे त्यांनी विचारले, तर उत्तर तोंडाने न देता सूचना म्हणून मंचावर लिहावे.

पाठगत प्रश्न

१. पाँगमधील फळीचा दोष अल्कॉर्न यांनी का राहू दिला?

२. ‘जर चेंडू चुकला, तर एक गुण कमी होईल.’ या वाक्यातील कोणता शब्द संगणकाला कळणार नाही? वाक्य सुधारून लिहा.

३. लगोरी किंवा आपल्या भागातील एखाद्या खेळाचे नियम पाच ‘जर–तर’ वाक्यांत लिहा. तो खेळ ठाऊक नसलेल्या व्यक्तीला ते वाचायला द्या आणि तिने विचारलेल्या शंका खाली नोंदवा.