बीप वाजला म्हणजे नोंद झाली असं नाही



शेळी गट, दूध संकलन केंद्र आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटरला जोडायचा टॅग रीडर आहे, त्या सगळ्या सभासदांसाठी आजचा मेसेज. जरा लांब आहे. निवांत वाचा, आणि केंद्रावर कॉम्प्युटर जो कोणी चालवतो, मुलगा असो की सूनबाई, त्यांना पुढे पाठवा.

आधी हे सगळं कशासाठी ते सांगतो. ऑगस्ट २०२२ आठवतो ना? त्या साथीत महाराष्ट्रात लम्पीचं पहिलं जनावर आपल्या जळगाव जिल्ह्यातच सापडलं, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. पुढे सरकारने मदत दिली: दुभती गाय दगावली तर ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार. तेव्हापासून गोठ्यागोठ्यात एक गोष्ट कळली आहे, की जनावर गेल्यावर "ही गाय माझीच होती" हे कागदावर दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला कानातला नंबर लागतो. १ जून २०२४ पासून तर आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूकही करता येत नाही. विम्याचं तर विचारूच नका. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याचा हप्ता १५ टक्क्यांवर आला, मोठी सोय झाली. पण विमावाल्यांचा जुना नियम तसाच आहे: बिल्ला नाही तर दावा नाही. बिल्ला आहे पण यादीतला नंबर वेगळा आहे, तरी तेच.

म्हणून रीडर नुसता वाजून उपयोग नाही. नंबर *पूर्ण आणि बरोबर* उतरला पाहिजे.

*कोणता बिल्ला, कोणता रीडर*

सगळ्यात जास्त फोन याच गोंधळाचे येतात. सरकारी दवाखान्यातून गायी-म्हशींच्या कानात मारतात तो पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडी नंबर आणि काळ्या रेघांचा बारकोड असतो. त्यात सहसा चिप नसते. आरएफआयडी रीडर त्याच्यासमोर दिवसभर धरला तरी वाजणार नाही. रीडर बिघडलेला नाही, त्याला वाचायला तिथं काही नाहीच. तो बिल्ला बारकोड स्कॅनरने वाचायचा, नाहीतर डोळ्यांनी.

चिपवाला बिल्ला वेगळा. बहुतेक गोल बटणासारखा असतो. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं आणि चिप असते, सेल नसतो. रीडर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. जनावरांच्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात. दूध केंद्रावरची साधी कार्डं बरीचशी १२५ किलोहर्ट्झची, काही १३.५६ मेगाहर्ट्झची. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही आरएफआयडीच आहे, पण तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. म्हणून लळिंगच्या नाक्यावर तो काही फुटांवरून वाचला जातो आणि आपल्या शेळीचा बिल्ला मात्र वीतभर अंतरावरच. मोबाईलला एनएफसी आहे म्हणून त्याने शेळीचा बिल्ला वाचता येईल, असंही कोणी समजू नका. त्याची लहर वेगळी.

नवीन रीडर घेताना दुकानदाराकडून लिहून घ्या: १३४.२ किलोहर्ट्झ, आणि एफडीएक्स-बी व एचडीएक्स दोन्ही जातीचे बिल्ले वाचतो. काही स्वस्त रीडर एकच जात वाचतात. मग बाजारातून आणलेल्या दहा शेळ्यांपैकी सहा वाजतात, चार वाजत नाहीत, आणि आपण बिल्ल्याला दोष देतो.

*नंबर कसा असतो*

जनावराच्या चिपचा नंबर १५ आकडी असतो. पहिले तीन आकडे देशाचे किंवा बिल्ला बनवणाऱ्या कंपनीचे. भारताचा क्रमांक ३५६, आणि ९०० च्या पुढचा आकडा दिसला तर तो बहुधा कंपनीचा. उरलेले १२ जनावराचे. आता पिवळ्या बिल्ल्यावरही १२ आकडे, म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. तसं *धरू नका*. रजिस्टरमध्ये दोन वेगळे रकाने ठेवा, एक पिवळ्या बिल्ल्याचा, एक चिपचा.

*जोडणी*

रीडरची वायर थेट कॉम्प्युटरला लावा, मधे स्वस्तातला हब नको. एकाच खाचेतून माऊस, प्रिंटर आणि रीडर चालवला की वीज कमी पडते, दिवा लागतो पण वाचत नाही. वायर सोबत आली तीच वापरा. मोबाईल चार्जिंगच्या काही वायरींमध्ये नुसती विजेची तार असते, डेटाची नसते. दिवा लागतो, बीपही येतो, पण कॉम्प्युटरला पत्ता नसतो.

मग कोणतंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी *नोटपॅड* उघडा. साधं रिकामं पान. त्यावर एक क्लिक करा आणि बिल्ला वाचा. नंबर उमटला तर तुमचा रीडर कीबोर्डसारखा चालतो. म्हणजे कोणीतरी भराभर आकडे दाबून शेवटी एंटर मारावा तसा. असा रीडर लावायला सोपा, पण एक खोड आहे: कर्सर जिथे असेल तिथे तो टाईप करतो. व्हॉट्सअॅप उघडं राहिलं तर शेळीचा नंबर गटात जातो. (झालंय. दोनदा.)

नोटपॅडवर काहीच आलं नाही पण रीडर वाजतोय, तर तो सिरीयल पद्धतीचा असू शकतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात पोर्ट्स नावाखाली कॉम ३, कॉम ५ असं काही दिसतंय का बघा. दिसत असेल तर तोच आकडा आणि रीडरच्या पुस्तिकेतला वेग, बहुतेक ९६००, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. तिथे पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. रीडरसोबतच्या सीडीतून किंवा कंपनीच्या साईटवरून बसवा. भलत्या साईटवरचा "फ्री ड्रायव्हर" उतरवू नका, त्याबरोबर व्हायरस येतो.

*अडलं तर*

केंद्रावर एक चांगला बिल्ला, कोणत्याही जनावराला न लावलेला, टेबलाजवळ दोरीला बांधून ठेवा. हा आपला *कसोटीचा बिल्ला*. शेळीचा बिल्ला वाजत नाही? आधी कसोटीचा वाचून बघा. तो वाजला तर रीडर ठीक आहे, दोष शेळीच्या बिल्ल्यात किंवा धरण्यात. तोही वाजला नाही तर रीडर, वायर किंवा जागेत दोष. एवढ्या एका गोष्टीने निम्मी डोकेदुखी जाते.

जागेचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १३४ किलोहर्ट्झची लहर नाजूक असते. आपल्याकडे केंद्र म्हणजे बहुधा पत्र्याची शेड, आत लोखंडी टेबल, डोक्यावर एलईडी ट्यूब, शेजारी मोटरचा स्टार्टर. लोखंड लहर खाऊन टाकतं. स्वस्त ट्यूब आणि चार्जर तिच्यात खरखर मिसळतात. रेडिओवर कसं व्हायचं, मोटर चालू झाली की आवाज फाटायचा, तसंच. रीडर लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवा. वाचत नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. ट्यूब बंद करून बघा. बऱ्याच वेळा तेवढ्यात काम होतं, आणि रीडर जळगावला दुरुस्तीला न्यायचा हेलपाटा वाचतो.

धरण्याचंही तंत्र आहे. बिल्ल्याच्या चपट्या बाजूला रीडरचं तोंड समोरासमोर करा. कडेने धरला तर आतलं वेटोळं लहर पकडत नाही. आणि शेळ्यांची दाटी करू नका. दोन बिल्ले एकाच वेळी रीडरसमोर आले की दोघं एकदम बोलतात आणि एकाचंही धड ऐकू येत नाही. कधी कधी शेजारणीचाच नंबर लागतो, आणि ही चूक नंतर सापडत नाही. एक शेळी पुढे, बाकी मागे.

नंबरऐवजी वेडीवाकडी अक्षरं आली तर सिरीयलचा वेग चुकलाय. मराठी आकडे किंवा भलतीच मराठी अक्षरं आली तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय, खाली उजव्या कोपऱ्यात भाषा इंग्रजी करा. काल चालत होतं आणि आज "पोर्ट उघडत नाही" असं म्हणतोय, तर एकतर वायर दुसऱ्या खाचेत लावली आणि कॉमचा आकडा बदलला, नाहीतर दुसरं एखादं सॉफ्टवेअर तेच पोर्ट धरून बसलंय. एका वेळी एकच सॉफ्टवेअर पोर्ट वापरू शकतं. खाचेला पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवा आणि रोज त्याच खाचेत लावा.

*आता खरा घोटाळा: एक्सेल*

मागे एका गटाची विम्याची यादी माझ्याकडे आली. ४२ शेळ्या, रंग वेगळे, वय वेगळं, आणि नंबर सगळ्यांचा एकच: ३५६ आणि पुढे बारा शून्य. ताई म्हणाल्या, "दादा, प्रत्येकीला बीप वाजला, मी स्वतः केलंय." खरंच वाजला होता. रीडरने नंबर बरोबरच दिला होता. चूक पुढे झाली.

११ आकड्यांपेक्षा मोठा नंबर दिसला की एक्सेल तो आखडून ३.५६ई+१४ असा दाखवतो. तोपर्यंत आतला नंबर शाबूत असतो. पण ती फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडली की मागचे सगळे आकडे शून्य. मूळ नंबर गेला. पुन्हा ४२ शेळ्या धरा, पुन्हा वाचा. त्यातल्या तीन तोवर विकल्या गेल्या होत्या.

उपाय एका मिनिटाचा आहे, पण तो *वाचायला सुरुवात करायच्या आधी* करायचा. नंबरचा अख्खा रकाना निवडा, उजवं बटण दाबा, फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन *टेक्स्ट* निवडा. मग रीडर लावा. पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी रकानाही तसाच टेक्स्ट करा, तोही आखडतो. आधीच वाचून झालं असेल आणि फाइल अजून एक्सेलचीच असेल तर घाबरू नका. त्याच ठिकाणी नंबर निवडा, दशांश शून्य ठेवा, पूर्ण १५ आकडे परत दिसतील. ते दिसल्याशिवाय सीएसव्ही करू नका.

दूध केंद्रावर हाच प्रकार वेगळ्या तोंडाने येतो. कार्डावर दहा आकडे छापलेले असतात, समजा ००१२३४५६७८. एक्सेल पुढची दोन शून्यं खातो आणि मग दुधाच्या हिशोबात ते कार्ड "सापडत नाही". तिथेही टेक्स्टच. काही कार्डांवर शेजारी १८८,२४९१० असाही आकडा असतो. तो त्याच नंबरचं दुसरं रूप आहे. काही रीडर पहिलं रूप देतात, काही दुसरं. रीडर बदलला आणि एकाही सभासदाचं कार्ड लागेना, तर आधी हे तपासा. कार्डं नवीन छापायला टाकू नका.

*बिल्ला मारताना आणि नंतर*

बिल्ला कानात मारायच्या *आधी* टेबलावर वाचा. छापलेला नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर ताडा, मगच मारा. एकदा कानात गेला की न तोडता निघत नाही, आणि चिप मेलेली निघाली तर शेळीचा कान दुसऱ्यांदा टोचावा लागतो.

मारल्यावर पुन्हा एकदा वाचा. एकाने शेवटचे चार आकडे मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने वहीत लिहायचे. हो, वहीतच. कॉम्प्युटर असला तरी कागदाचं रजिस्टर ठेवा. लाईट जाते, हार्ड डिस्क जाते. त्याच वेळी जनावराचा फोटो घ्या, बिल्ला दिसेल असा.

कान फाटून बिल्ला पडला तर त्याच दिवशी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकाला कळवा. नवीन बिल्ल्याचा नंबर जुन्या नंबराशेजारी लिहा, जुना खोडू नका. आणि देव न करो, जनावर दगावलं, तर पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत बिल्ला कानातून काढू नका, पुरतानाही हरवू देऊ नका. दाव्याबरोबर तो मागतात.

एवढं करूनही अडलं तर कंपनीच्या नंबरवर "रीडर चालत नाही" एवढंच टाकू नका. तीन गोष्टी पाठवा: कसोटीचा बिल्ला वाजतो का, नोटपॅडवर काय उमटतं त्याचा फोटो, आणि रीडरच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो. दुपारी चारपर्यंत आलं तर त्याच दिवशी फोन करतो. शेळ्यांच्या विम्याच्या याद्या पाठवण्याआधी नंबरचा रकाना एकदा वरपासून खालपर्यंत बघा. दोन नंबर सारखे दिसले किंवा शेवटी शून्यांची रांग दिसली, तर यादी थांबवा आणि आधी मला दाखवा.